दरवर्षी तीच शाळा कशी काय जिंकते?



शालेय स्पर्धांचा हंगाम आला, की वर्तमानपत्रात जिल्ह्याच्या पानावर छोट्या छोट्या बातम्या येऊ लागतात. 'तालुकास्तरीय खो-खोत अमुक विद्यालय अजिंक्य', 'मुलींच्या कबड्डीत तमुक शाळेची विभागावर निवड'. तुमच्यापैकी काही जण या बातम्या कापून वहीत चिकटवत असतील. अशी वही असेल तर ती काढा आणि तीन-चार वर्षांच्या बातम्या ओळीनं वाचा. एक गंमत दिसेल. खेळाडूंची नावं दरवर्षी बदललेली. शाळांची नावं मात्र बहुधा तीच दोन-तीन!

मग वर्गात चर्चा रंगते. "त्यांचं मैदान किती मोठं आहे!" "त्यांच्याकडे उंच उंच पोरं आहेत." "नशीब भो, दुसरं काय!"

मैदान मोठं असलं तर चांगलंच. उंचीही उपयोगी पडते. पण उंच पोरं दोन-तीन वर्षांत शाळा सोडून जातात, आणि नशीब काही एकाच शाळेच्या हजेरीपटावर नाव लावून बसत नाही. मग खरं कारण काय? आज तेच शोधू या.

आधी स्पर्धेची शिडी समजून घेऊ. पहिली पायरी तालुका, मग जिल्हा, मग विभाग आणि मग राज्य. राज्य स्पर्धेतून महाराष्ट्राचा संघ निवडतात आणि तो राष्ट्रीय शालेय स्पर्धेला जातो. शालेय खेळांसाठी महाराष्ट्राचे आठ विभाग केले आहेत. आपले जळगाव आणि धुळे हे दोन्ही जिल्हे नाशिक विभागात येतात. म्हणजे जळगावात जिंकलेली शाळा आणि धुळ्यात जिंकलेली शाळा विभागात एकमेकींसमोर उभ्या राहू शकतात. खान्देशातले शेजारी, पण मैदानात आमनेसामने!

बहुतेक ठिकाणी हे सामने बाद पद्धतीनं होतात. हरला तो घरी. आता एक सोपं गणित सोडवा. तालुक्यात १६ शाळांचे संघ आले, तर विजेता ठरायला किती सामने होतील? कागद-पेन्सिल नको. प्रत्येक सामन्यात एक संघ घरी जातो. शेवटी एकच उरायचा, म्हणजे १५ जणांना घरी पाठवायचं. म्हणून सामने १५. त्यातले ८ संघ तर पहिल्याच फेरीत दप्तर उचलतात. वर्षभर सराव केला आणि पहिल्याच सामन्यात पाय घसरला, तर पुन्हा संधी पुढच्या वर्षी.

पुढच्या वर्षी? इथंच खरी मेख आहे. शालेय स्पर्धांत वयाचे गट असतात. १४ वर्षांखालील, १७ वर्षांखालील आणि १९ वर्षांखालील. कितीही चांगला खेळाडू असो, वय झालं की तो त्या गटातून बाहेर पडतो.

समजा, दोन शाळांचे १४ वर्षांखालील खो-खोचे संघ आहेत. प्रत्येक संघात बारा मुली. पहिल्या शाळेनं बाराच्या बारा मुली आठवीतल्या घेतल्या, कारण त्या थोराड आणि चपळ. दुसरीनं आठवीच्या चार, सातवीच्या चार आणि सहावीच्या चार घेतल्या. यंदा पहिली शाळा जिंकेल कदाचित. पण पुढच्या वर्षी पहिल्या शाळेकडे किती मुली उरतील? शून्य! आणि दुसरीकडे आठ. त्या आठही जणींनी जिल्ह्याचं मैदान पाहिलेलं, पंचांची शिट्टी ऐकलेली, पोटात गोळा कसा येतो ते अनुभवलेलं. आता सांगा, तीन वर्षांत वहीत कोणत्या शाळेच्या बातम्या जास्त येतील?

हे कोडं साऱ्या जगातल्या शाळांना पडतं. त्यातली एक गोष्ट सांगतो. ती जपानची आहे आणि खेळ आहे बेसबॉल. घाबरू नका, हा खेळ आपल्याला फार परका नाही. त्याचंच भावंड असलेला सॉफ्टबॉल आपल्या जळगावात खेळतात, आणि दोन्ही खेळ आपल्या शालेय स्पर्धांमध्ये आहेत. सॉफ्टबॉलचा जन्म मोठा मजेशीर आहे. १८८७ साली अमेरिकेतल्या शिकागो शहरात काही तरुणांनी मुष्टियुद्धाचा हातमोजा गुंडाळून त्याचा चेंडू केला आणि झाडूच्या दांड्याची बॅट केली. झाला खेळ सुरू!

या खेळांची एक गोष्ट ध्यानात ठेवा. क्रिकेटमध्ये चांगला फलंदाज बाद होईपर्यंत खेळतच राहतो. इथं तसं नाही. नऊ जणांचा क्रम लावलेला असतो. तुमची पाळी झाली, की बाकीचे आठ जण खेळल्याशिवाय बॅट पुन्हा तुमच्या हाती येत नाही. संघातला सगळ्यात कच्चा गडी आणि सगळ्यात पक्का गडी, दोघांनाही सारखाच मान!

जपानमध्ये माध्यमिक शाळांची बेसबॉल स्पर्धा १९१५ सालापासून होते. दर उन्हाळ्यात तीन हजारांहून अधिक शाळांचे संघ आपापल्या प्रांतात खेळतात. प्रत्येक प्रांताचा विजेता कोशिएन नावाच्या मैदानावर येतो. तोक्यो आणि होक्काइदो या दोन प्रांतांतून मात्र दोन-दोन संघ. तिथंही बाद पद्धत. हरलेली मुलं जाताना मैदानातली मूठभर माती पिशवीत भरून घरी नेतात.

२०१८ साली ही शंभरावी स्पर्धा होती. म्हणून जास्त संघ घेतले होते, एकूण ५६. त्यांत अकिता प्रांतातली कानाआशी नावाची एक शेतकी शाळा होती. संघातली सगळी मुलं त्याच भागातली. बाहेरून आणलेलं कोणी नाही. त्यांचा चेंडू फेकणारा, म्हणजे पिचर, होता योशिदा कोसेई. या पोरानं एकेका बलाढ्य शाळेला गारद केलं. पण एकटा योशिदाच शूर होता असं समजू नका. उपान्त्यपूर्व सामन्यात ही शाळा १-२ अशी मागे होती. शेवटचा डाव होता. तेव्हा त्यांच्या फलंदाजानं जोराचा फटका मारलाच नाही. बॅट नुसती आडवी धरली आणि चेंडू जमिनीवर हळूच सोडला. प्रतिस्पर्धी तो उचलून फेकेपर्यंत तिसऱ्या टप्प्यावरचा गडी घरी आला, आणि त्याच्या मागोमाग दुसऱ्या टप्प्यावरचाही धावत आला. ३-२! असा डाव एका दिवसात जमत नाही. तो शेकडो वेळा घोटावा लागतो.

१०३ वर्षांनंतर अकिताची शाळा अंतिम सामन्यात पोहोचली. सारा जपान त्यांच्या बाजूनं ओरडत होता. समोर होती ओसाका तोइन. अंतिम सामन्यात योशिदाचा हात थकला. कसा नाही थकणार? सहा सामन्यांत मिळून त्यानं ८८१ चेंडू टाकले होते. पाचव्या डावानंतर दुसऱ्याला चेंडू द्यावा लागला. कानाआशी २-१३ अशी हरली.

ओसाका तोइनकडे चांगले पिचर एकाहून जास्त होते. त्यांनी आधीच्या सामन्यांत भार वाटून घेतला होता. म्हणून सगळा भार एकाच पिचरवर पडला नाही. आता कोणी म्हणेल, "गुरुजी, ती तर मोठी शाळा. लांबलांबून चांगली मुलं निवडून घेते." खरं आहे. तसं आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेला जमणार नाही. पण भार वाटून घ्यायला पैसा लागत नाही. दुसरा पिचर तयार करायला मैदान मोठं लागत नाही. फक्त पहिल्या पिचरला कधी कधी बाजूला बसवून दुसऱ्याच्या हाती चेंडू द्यायचं धाडस लागतं. पुढे २०२० पासून तिथं नियमच झाला, की एका मुलानं एका आठवड्यात ५०० पेक्षा जास्त चेंडू टाकायचे नाहीत. मुलाचा खांदा ढालीपेक्षा मोलाचा आहे ना!

आणखी एक गोष्ट. तिथं उन्हाळी स्पर्धा संपली, की शेवटच्या वर्षाची मुलं संघातून निरोप घेतात. लगेच पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांचा नवा संघ उभा राहतो, आणि शरद ऋतूत त्याचे सामनेही सुरू होतात. वर्षभर मोठ्यांच्या मागे उभी असलेली रांग एक पाऊल पुढे सरकते.

दरवर्षी जिंकणाऱ्या शाळेचं गुपित हेच आहे, मुलांनो. शाळेचा संघ दरवर्षी मोडणारच. त्याच्या मागे पुढच्या संघाची रांग उभी आहे की नाही, ते पाहायचं. आपल्या खो-खोचंच बघा ना. संरक्षण करताना तीन-तीन जणांची तुकडी आत येते. पहिले तिघं बाद झाले की दुसरे तिघं. पहिल्या तुकडीतल्या एकीनं तीन मिनिटं झुंजवलं, पण पुढच्या दोन तुकड्या मिनिटभरात गारद झाल्या, तर त्या तीन मिनिटांचा काय उपयोग?

ही रांग तयार कशी होते? ती आठवीत होत नाही. ती चौथी-पाचवीत होते, आमच्या प्राथमिक शाळेच्या अंगणात. लंगडी खेळताना पायात बळ येतं आणि तोल सांभाळता येतो. पकडापकडीत हुलकावणी द्यायला शिकतो. लगोरीत नेम बसतो, विटीदांडूत हात आणि डोळा एकत्र चालायला लागतात. लंगडी चांगली खेळणाऱ्या मुलीला खो-खो शिकवायला वेळ लागत नाही.

मग मोठ्या मुलांनी काय करायचं? सरावाच्या शेवटी दहा मिनिटं धाकट्यांना द्यायची. एकेका मोठ्यानं एकेक धाकटा वाटून घ्यायचा. खो कसा द्यायचा, पाटीवर बसून चटकन कसं उठायचं, ते त्याला दाखवायचं. शिकवताना आपलंही पक्कं होतं, हा त्यातला नफा. दुसरं, साध्या गोष्टी रोज करायच्या. चेंडू झेलणं आणि नीट फेकणं हे कंटाळवाणं वाटतं. पण सामन्याच्या दिवशी छाती धडधडत असते, तेव्हा रोज केलेलंच आठवतं. तिसरं, राखीव खेळाडूंना खेळवायचं. पाण्याच्या बाटल्या सांभाळत बाकावर बसलेला सहावीतला पोरगा एकदाही मैदानात उतरला नाही, तर तो दिवाळीच्या सुटीनंतर सरावाला येतच नाही. त्याचं नाव कुठल्या बातमीत येत नाही, म्हणून तो गेल्याचं कोणाच्या लक्षातही येत नाही. दोन वर्षांनी मात्र संघात एक जागा रिकामी दिसते आणि आपण म्हणतो, "यंदा पोरंच नाहीत!"

आता थोडं आई-वडिलांशी.

खान्देशात घरोघरी आजीचा एक प्रश्न ठरलेला. "खेळीसन पोट भरस का रे?" आजीचं चूक नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत घरी प्रत्येक हात हवा असतो. पालक शाळेत येऊन दोनच गोष्टी विचारतात. खेळाचे मार्क मिळतील का, आणि दहावीत खेळ बंद करावा का? दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के जागाही राखीव असतात. पण ते शिडीच्या वरच्या पायऱ्या चढणाऱ्यांसाठी. त्या १६ शाळांमधल्या बहुतेक मुलांना यातलं काही मिळणार नाही. तेवढ्यासाठीच खेळवाल, तर पहिल्या पराभवानंतर मूल खेळ सोडेल. हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानात जाणं, आपल्यापेक्षा लहानाला हात धरून शिकवणं, आपली पाळी येईपर्यंत धीर धरणं, हे मात्र प्रत्येकाला मिळतं. ते दहावीतही उपयोगी पडतं.

मुलींचं तर आणखी अवघड. सराव संपेपर्यंत अंधार पडतो, गाडी चुकते, मग घरातून फर्मान निघतं, "उद्यापासून नको." एका आळीतल्या चार मुलींच्या पालकांनी आणायची पाळी लावून घेतली, तर चारही जणी खेळत राहतील. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी दोन्ही अंतिम सामने नेपाळविरुद्ध जिंकले. महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे आणि पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर, दोघंही महाराष्ट्राचे. महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या मोठे धाकट्यांना खो-खो शिकवत आले, म्हणून ही रांग तिथवर पोहोचली.

तर मुलांनो, या आठवड्याचा अभ्यास. वहीत तुमच्या शाळेच्या संघाची यादी करा. प्रत्येक नावापुढे इयत्ता लिहा. पुढच्या वर्षी कोण कोण त्या गटात राहील, त्याच्यापुढे बरोबरची खूण करा. मग सरावाच्या वेळी मैदानाच्या कडेला उभी राहून टकमक बघणारी चौथी-पाचवीतली पोरं किती, तेही मोजा. खुणा कमी आणि कडेची पोरं जास्त असतील, तर उद्या त्यांतल्या एकाला हाक मारून आत घ्या. काय झालं ते आम्हाला पत्रानं कळवा. यंदा पहिल्याच फेरीत हरला असाल, तरीही कळवा हं!