पेटीतले लुगडे आणि मोबाईलमधला फोटो



पावसाळा सरला की पेट्या उन्हात काढायच्या, ही आमच्या मुरबाडकडची जुनी रीत. चार महिन्यांची ओल कपड्यांत, कागदांत मुरलेली असते. या वर्षी सासूबाईंची पत्र्याची ट्रंक अंगणात उघडली, तर तळाशी पांढरे नऊवारी लुगडे निघाले. त्यांच्या आईने धम्मदीक्षेच्या दिवशी नेसलेले. मी ते झटकायला घेतले तशा सासूबाई काठी टेकत आल्या. म्हणाल्या, "घडी मोडू नको गं. मी जाईन तेव्हा माझ्या अंगावर घालायचं हाय ते. आईनं त्यासाठीच दिलंय मला."

यावर काय बोलणार? लुगडे त्यांचे, इच्छाही त्यांचीच. पण मनात आले, की त्या दिवशी हे लुगडे त्यांच्याबरोबर जाईल, आणि दीक्षेच्या काळातली घरातली शेवटची वस्तूही जाईल. माझ्या मुलांनी ते पाहिलेलेसुद्धा नाही. म्हणून म्हटले, "निदान फोटो तरी काढू द्या." हो-नाही करत त्या कबूल झाल्या. अट एकच, स्टेटसला लावायचा नाही.

नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी दीक्षा दिली. ६ डिसेंबरला ते आपल्यातून गेले. दुसऱ्या दिवशी दादर चौपाटीवर त्यांच्या अंत्यविधीच्या वेळी भदंत आनंद कौसल्यायन यांनी हजारो-लाखो लोकांना दीक्षा दिली. मुंबईत गिरणीत असलेली आपली माणसे ती बातमी घेऊन गावी आली, आणि गावोगाव पांढरी लुगडी खरेदी झाली. हे आपण सगळे जाणतो. पण आमच्या घरातल्या लुगड्याला पदराजवळ बोटभर फाटलेले आहे, ते का, हे मला इतकी वर्षे या घरात राहून ठाऊक नव्हते. उंदराने कुरतडले असेल, असे मी धरून चालले होते. फोटो काढताना सहज तसे म्हटले, तर सासूबाई चिडल्याच. "उंदीर कसला? आईनं देव्हाऱ्यातले टाक याच पदरात बांधून काळू नदीत सोडले. टाकाच्या कडेनं फाटलं. तिनं मुद्दाम शिवलं नाही."

आता सांगा, फोटोत काय दिसणार? एक फाटका पदर! म्हणून मी मोबाईलवर त्यांचा आवाजही भरून घेतला. मग लुगड्याच्या घडीत पेन्सिलीने '३' लिहिलेली चिठ्ठी ठेवली, फोटोला नाव दिले '३ दीक्षेचे लुगडे', आवाजालाही तेच. घरात एक वही केली आणि तीन आकड्यापुढे चार ओळी लिहिल्या. भाचा म्हणाला, "मामी, हल्ली चौकोनी कोड चिकटवतात, मोबाईल धरला की सगळं उघडतं." असेल. पण त्याच्या मागचे खाते बंद पडले की कोड मुका. पेन्सिलीचा आकडा नातवालाही वाचता येईल.

कागदांचे काय होते, याचा आपल्या समाजाला फार कडू अनुभव आहे. दिल्लीला २६, अलीपूर रोड या घरात बाबासाहेबांनी देह ठेवला. त्याच घरातले त्यांचे कागदपत्र १९६७ मध्ये बाहेर अंगणात टाकले गेले आणि पावसात भिजले. किती लेखन गेले, त्याचा हिशोब कोण देणार? उरलेले जपले म्हणून पुढे १९७९ पासून सरकारला त्यांच्या लेखन-भाषणांचे खंड काढता आले. आणि आपल्या बायांच्या आठवणी? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून घरोघर जाऊन चळवळीतल्या बायांशी बोलल्या, तेव्हा कुठे १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक झाले. आपल्या मुरबाड-शहापूरच्या वाड्यापाड्यांत कोण येणार विचारायला? घरातल्या सुनेने, लेकीनेच विचारायचे.

शहापूरला माझ्या माहेरी भीमजयंतीच्या मिरवणुकीचा एक कृष्णधवल फोटो आहे. त्यात अकरा माणसे आहेत. आई सगळ्यांना नावाने ओळखायची. आई गेली. आज आम्हा भावंडांना मिळून तिघेच ओळखू येतात. फोटो आहे तसा आहे, माणसे मात्र हरवली. हे मला अजून लागते.

थोडे कामाचे सांगते. जुना फोटो काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका, काचेसकटच टिपा. पडवीत सावलीत ठेवा, फ्लॅश बंद करा, मोबाईल जरा तिरका धरला की काचेवरची चमक जाते. मागची बाजूही टिपा, तिथे कधीकधी स्टुडिओचा शिक्का किंवा साल असते. लॅमिनेशन तर मुळीच नको. त्या उष्णतेने जुना फोटो कायमचा खराब होतो. फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नका, वळ पुढे उमटतात. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो बारीक होतो, म्हणून 'डॉक्युमेंट' करून पाठवा, आणि एक प्रत पेनड्राईव्हवर दुसऱ्या घरी ठेवा. दुसऱ्या घरी का, तर आमच्या पुतण्याचा मोबाईल वीटभट्टीवरच्या पाण्याच्या हौदात पडला आणि सासऱ्यांचे शेवटचे फोटो त्यातच गेले. मुख्य म्हणजे वस्तूचा फोटो काढताना ती म्हातारीच्या हातात द्या. हात दिसू दे. वस्तू हातात आली की तोंडही उघडते.

लुगडे परत ट्रंकेत गेले आहे, चिठ्ठीसकट. त्यांची इच्छा आम्ही मोडणार नाही. मला वाटले होते, हे सगळे त्यांना पोरखेळ वाटले असेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी त्या आतून एक चेपलेला पितळी तांब्या घेऊन आल्या आणि माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "याला कितवा नंबर?"