पाणी ओसरते, ताप नंतर येतो

२६ मे २०२५ रोजी वरळीतील आचार्य अत्रे चौक मेट्रो स्थानकात पाणी शिरले. बीकेसीहून इथपर्यंतची सेवा सुरू होऊन जेमतेम सोळा दिवस झाले होते. काम चालू असलेल्या प्रवेशमार्गाजवळची पाणी अडवणारी भिंत कोसळली, गढूळ लोंढा स्थानकात घुसला आणि गाड्या अलीकडच्या वरळी स्थानकापर्यंतच चालवाव्या लागल्या. त्याच दिवशी मुंबईत मोसमी पाऊस दाखल झाल्याचे जाहीर झाले. त्याची नेहमीची तारीख ११ जून.

बांधकामात त्रुटी होतीच. पण त्यामागचे गृहीतक अधिक महत्त्वाचे आहे. शहराचे पावसाळापूर्व वेळापत्रक ‘जूनच्या आधी मोठा पाऊस नाही’ या समजुतीवर बेतलेले आहे. नालेसफाईची मुदतही ३१ मे असते. हवेचे तापमान एका अंशाने वाढले, की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. म्हणून पाऊस कमी वेळात जास्त कोसळतो. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या मात्र ताशी २५ मिमी पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या. ‘ब्रिमस्टोवॅड’ प्रकल्पातून ही क्षमता ताशी ५० मिमीवर नेण्याचे काम हाती घेतले गेले. वरळीत लव्हग्रोव्ह आणि क्लीव्हलँड ही दोन उदंचन केंद्रे उभी राहिली. तेथील एकेक पंप सेकंदाला सहा हजार लिटर पाणी समुद्रात फेकतो. तरीही भरती आणि अतिवृष्टी एकत्र आल्या, की पाणी जुन्या खाजणाची वाट शोधते. वरळी आणि परळ ही एकेकाळी वेगवेगळी बेटे होती, हे नकाशा विसरला असला तरी पाणी विसरलेले नाही.

आरोग्याच्या दृष्टीने यात दोन प्रश्न आहेत. पहिला, रुग्णालयात पोहोचण्याचा. जांबोरी मैदानाजवळच्या बीडीडी चाळीतील रहिवाशाला केईएम, टाटा किंवा वाडिया गाठायचे तर रेल्वेचे रूळ ओलांडावेच लागतात. सप्टेंबर २०२५ मध्ये एल्फिन्स्टन पूल पाडकामासाठी बंद झाला आणि वाहनांची भिस्त करी रोड व दादरच्या टिळक पुलावर आली. पुढे परळ-हिंदमाता हा बशीसारखा सखल भाग. तिथे पावसाचे पाणी साठवणाऱ्या भूमिगत टाक्या झाल्या, दोन उड्डाणपुलांच्या मधला रस्ता उंच करून जोडला गेला. त्याने मोटारींची आणि रुग्णवाहिकांची सोय झाली. बसथांब्यापासून चालत जाणारी गर्भवती किंवा डायलिसिसचा रुग्ण मात्र पुलाखालच्या रस्त्यानेच जातो. हृदयविकारात किंवा पक्षाघातात वाया गेलेले अर्धे तास नंतर कोणत्याही औषधाने भरून निघत नाहीत.

दुसरा प्रश्न, पाण्यातून चालण्याचा. २९ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईतील एक नामवंत पोटविकारतज्ज्ञ एल्फिन्स्टन परिसरात साचलेल्या पाण्यातून चालत असताना उघड्या मॅनहोलमध्ये पडले. दोन दिवसांनी त्यांचा मृतदेह वरळीच्या किनाऱ्याजवळ सापडला. त्यानंतर मॅनहोलखाली जाळ्या बसवण्यास वेग आला. पण पाण्यातला दुसरा धोका जाळीने अडत नाही. उंदरांच्या मूत्रातील लेप्टोस्पायरा जंतू पायावरच्या लहानशा जखमेतूनही शरीरात शिरतात. ताप बहुधा पाच ते चौदा दिवसांनी येतो, तोवर पाणी ओसरून लोक ते विसरलेले असतात. ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे ही लक्षणे अंगावर काढली, तर मूत्रपिंड, यकृत आणि फुप्फुसांपर्यंत मजल जाते. साचलेल्या पाण्यातून चालल्यास पाय साबणाने धुवावेत आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटावे. प्रतिबंधक औषध आणि त्याची मात्रा जखम, वय व गर्भारपण पाहून ठरते. ते मनाने घेऊ नये.

जगाने हे धडे महाग किंमत देऊन घेतले आहेत. जुलै २०२१ मध्ये चीनमधील झेंगझोऊ येथे एका तासात २०१.९ मिमी पाऊस पडला आणि मेट्रोत अडकलेले १४ प्रवासी दगावले. बँकॉकमध्ये भुयारी स्थानकात उतरण्याआधी काही पायऱ्या चढाव्या लागतात, कारण तिथले प्रवेशमार्ग रस्त्यापेक्षा उंच बांधले आहेत. उपाय साधा आहे, पण तो आराखड्यातच असावा लागतो.

वरळीत नेमकी ती संधी आज आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये बीडीडीच्या ५५६ कुटुंबांना नव्या मनोऱ्यांतील घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात गेलेल्यांचा आनंद रास्तच आहे. तीन मजली चाळीतून आजाऱ्याला शेजारी खुर्चीत बसवून खाली आणत. तिसाव्या मजल्यावरून ते शक्य नाही. तिथे लिफ्ट, तिची पर्यायी वीज आणि फाटकाबाहेरचा कोरडा रस्ता, तिन्ही हवे.

म्हणून रस्ता किंवा स्थानक पावसाळ्यासाठी सज्ज आहे का, याची कसोटी केवळ गाड्या किती वेळात पूर्ववत झाल्या ही नसावी. भर पावसात, भरतीच्या वेळी वरळीतला आजारी माणूस पाय न भिजवता परळला पोहोचतो का, हे दरवर्षी मेच्या सुरुवातीलाच तपासले जावे. पाऊस आता ११ जूनची वाट पाहीलच असे नाही.