दाताचे दुखणे, कोर्टाची पायरी आणि कॅलेंडर



"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यामुळे इथे दाताच्या उपचारात काही बिघडले की आपल्या बहुतेक घरांत एकच उत्तर निघते: "जाऊ दे, पुढच्या सुट्टीत पुण्याला नीट करून घेऊ." दावा न करणे हा पुष्कळदा योग्य निर्णय असतो. पण तो विचार करून घ्यायला हवा. आपण टाळत राहिलो तर दाव्याची मुदत संपते आणि निर्णय परस्पर होऊन जातो.

मुदत किती?

प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. कॅलिफोर्नियात इजा लक्षात आल्यापासून १ वर्ष किंवा इजा झाल्यापासून ३ वर्षे, यांतले जे आधी संपेल ते. शिवाय दावा लावण्याआधी डॉक्टरला ९० दिवसांची नोटीस द्यावी लागते. न्यू जर्सी आणि टेक्ससमध्ये साधारण २ वर्षे, न्यूयॉर्कमध्ये अडीच वर्षे. लहान मुलांसाठी आणि काही खास परिस्थितींत अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नये.

दुसरी मुदत शरीराची. खालची अक्कलदाढ काढताना किंवा इम्प्लांट बसवताना जबड्यातल्या नसेला इजा होऊ शकते. मग ओठ, हनुवटी किंवा जीभ बधिर राहते. बहुतेकांचे आपोआप बरे होते. पण नस दुरुस्त करण्याची शस्त्रक्रिया लागलीच, तर ती पहिल्या काही महिन्यांत केलेली जास्त उपयोगी पडते. म्हणून बधिरपणा गेला नाही तर पहिला फोन ओरल सर्जनला करावा, वकिलाला नंतर.

वाईट परिणाम म्हणजे चूक नव्हे

इथे आपली गल्लत होते. दात गेला म्हणून डेंटिस्ट दोषी ठरत नाही. त्या परिस्थितीत सर्वसाधारण कुशल डेंटिस्टने जे केले असते ते याने केले नाही, आणि त्यामुळेच आपले नुकसान झाले, हे दोन्ही सिद्ध करावे लागते. रूट कॅनल करताना बारीक फाइल आत तुटणे हा त्या उपचाराचा माहीत असलेला धोका आहे. ती तुटली हे पेशंटला न सांगणे किंवा गरज असताना तज्ज्ञाकडे न पाठवणे ही मात्र वेगळी गोष्ट. तसेच संमतीपत्रावर सही केली म्हणून सगळे माफ होत नाही. सही धोक्याला असते, हलगर्जीपणाला नाही.

हे सांगायला दुसरा तज्ज्ञ लागतो. न्यू जर्सीत डॉक्टरने दाव्याला उत्तर दिल्यापासून ६० दिवसांत तज्ज्ञाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते (कोर्ट आणखी ६० दिवस वाढवू शकते). टेक्ससमध्ये तज्ज्ञाच्या अहवालासाठी १२० दिवस मिळतात. नाही दिले तर दावा फेटाळला जाऊ शकतो.

हिशोब

वकील सहसा आधी फी घेत नाहीत, मिळालेल्या रकमेतून हिस्सा घेतात. कॅलिफोर्नियात २०२३ पासून हा हिस्सा दावा दाखल होण्याआधी मिटल्यास २५ टक्के आणि नंतर ३३ टक्के, अशी मर्यादा आहे. तज्ज्ञाचा खर्च वेगळा, तो हजारो डॉलर्समध्ये जातो. समजा एक क्राउन आणि रूट कॅनल बिघडून आपले ४,००० डॉलर बुडाले. एवढ्या रकमेसाठी कोणी वकील केस घेणार नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही.

वेदना आणि मनस्ताप यांच्या भरपाईवरही काही राज्यांत कमाल मर्यादा आहे. कॅलिफोर्नियाने १९७५ मध्ये ती २,५०,००० डॉलर ठरवली आणि महागाई कितीही वाढली तरी ४७ वर्षे बदलली नाही. २०२२ च्या कायद्याने ती २०२३ पासून ३,५०,००० केली. मृत्यू न झालेल्या प्रकरणांत ती दरवर्षी ४०,००० ने वाढत २०३३ मध्ये ७,५०,००० होईल. टेक्ससमध्ये २००३ च्या कायद्याने डॉक्टरांसाठी २,५०,००० ची मर्यादा आहे.

याचा आपल्या घरांशी थेट संबंध आहे. बुडालेल्या पगाराच्या भरपाईला या कायद्यांत अशी मर्यादा नाही. पण एच-४ व्हिसावर घरी असणारी पत्नी किंवा भारतातून आलेले आई-वडील यांचा पगार बुडत नाही. त्यांचे नुकसान मुख्यतः वेदनेचेच, म्हणजे नेमके मर्यादेत अडकणारे. म्हणून त्यांची केस घ्यायला वकील कचरतात. आणि "व्हिसावर आहोत, दावा केला तर अडचण येईल" ही भीती अनाठायी आहे. दिवाणी दाव्याचा हक्क व्हिसावर अवलंबून नाही.

कोर्टाशिवायचे रस्ते

पहिले काम म्हणजे पूर्ण रेकॉर्ड आणि एक्स-रे लेखी मागणे. हिपा कायद्यानुसार ते साधारण ३० दिवसांत मिळायला हवेत, आणि बिल बाकी आहे म्हणून अडवता येत नाहीत. मग दुसऱ्या डेंटिस्टचे मत घ्यावे.

रक्कम लहान असेल तर फी परत मागावी. यामागे एक गंमत आहे. डेंटिस्टतर्फे विमा कंपनीने भरपाई दिली की तिची नोंद १९९० मध्ये सुरू झालेल्या नॅशनल प्रॅक्टिशनर डेटा बँकेत होते. पण डेंटिस्टने स्वतःच्या खिशातून दिलेले पैसे कळवावे लागत नाहीत, असा निकाल १९९३ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या दाव्यात फेडरल अपील कोर्टाने दिला. म्हणून गोडीने मागितलेला परतावा कधीकधी पटकन मिळतो. मात्र सोबत हक्क सोडल्याचा कागद पुढे आला, तर तो वाचल्याशिवाय सही करू नये. बधिरपणा अजून गेला नसेल तर मुळीच नाही.

याशिवाय स्मॉल क्लेम्स कोर्ट आहे. कॅलिफोर्नियात तिथे व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंत, वकिलाशिवाय दाद मागता येते. राज्याच्या डेंटल बोर्डाकडे तक्रार करता येते. बोर्ड सहसा भरपाई मिळवून देत नाही, पण पुढच्या पेशंटचे भले होऊ शकते.

आणि "पुण्याला करून घेऊ" म्हणणाऱ्यांसाठी: तिथे बिघडले तर ग्राहक आयोग आहे. पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात, हे सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच सांगितले. मुदत तिथेही २ वर्षांचीच.

तेव्हा मंडळी, आम्हाला वाटते ते असे. नुकसान पैशांपुरते असेल तर परतावा मागा, मिळाला तर घ्या आणि विसरा. कायमची इजा असेल आणि दुसरा तज्ज्ञ "हे व्हायला नको होते" म्हणत असेल, तर आपल्या राज्यातल्या वकिलाला पहिल्या दोन-तीन महिन्यांतच भेटा. पहिली भेट बहुधा फुकट असते. त्याने नाही म्हटले तर निदान "जाऊ दे" म्हणताना मनात किंतु राहणार नाही.

(हा लेख माहितीसाठी आहे, कायदेशीर सल्ला नव्हे.)