नंबर लागल्यावरचा हिशेब

वाहनासाठी पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहणे ही गोष्ट मराठी कुटुंबांना अपरिचित नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत बजाजच्या स्कूटरसाठी नाव नोंदवले की नंबर लागेपर्यंत मुलगा शाळेतून कॉलेजात जाई. १९८३ मध्ये मारुती ८०० साठी दहा हजार रुपये अनामत भरून हजारो कुटुंबांनी रांग धरली. २००९ च्या एप्रिलमध्ये टाटा नॅनोसाठी दोन लाखांहून अधिक अर्ज आले आणि पहिल्या एक लाख भाग्यवंतांची निवड संगणकाद्वारे सोडत काढून करावी लागली. ज्यांचा नंबर लागला नाही, त्यांना अनामत परत घेण्याची किंवा व्याजासह कंपनीकडेच ठेवून पुढची वाट पाहण्याची मुभा होती. लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, ‘एक लाखाची गाडी’ म्हणून गाजलेल्या नॅनोच्या सुमारे निम्म्या ग्राहकांनी सर्वांत महाग प्रकारालाच पसंती दिली होती.

स्कूटरच्या त्या काळात नंबर आधी लागलेल्या माणसाला बाजारात ‘प्रीमियम’ मिळे. गाडीची अधिकृत किंमत एक आणि ताबडतोब हवी असेल तर द्यावयाची किंमत दुसरी. हा वरचा पैसा मधल्या माणसाच्या खिशात जाई. आता काळ पालटला आहे. वरचा पैसा उत्पादक स्वतःच, उघडपणे आणि पावती देऊन घेतो. फक्त त्याला प्रीमियम न म्हणता ‘पहिली आवृत्ती’, ‘लाँच एडिशन’ अशी भारदस्त नावे देतो. वाणिज्य शाखेच्या पुस्तकांत या किंमतनीतीचे वर्णन दुधावरची साय आधी काढून घेणे असे केलेले असते. आरंभी उत्पादन थोडे असते आणि आतुर ग्राहक पुष्कळ असतात. त्यांतील सर्वांत आतुर आणि सधन ग्राहकांकडून जास्त किंमत घ्यावी, मग हळूहळू खाली यावे, असा हा क्रम. यात गैर काही नाही. मात्र ज्याच्या दारी असा प्रस्ताव येतो, त्याने आपण साय आहोत की दूध, हे ओळखलेले बरे.

अलीकडचे ठळक उदाहरण अमेरिकेतील टेस्ला कंपनीच्या सायबरट्रकचे आहे. २१ नोव्हेंबर २०१९ रोजी या पिकअप ट्रकचे अनावरण झाले. तीन प्रकार घोषित झाले व त्यांच्या किमती अनुक्रमे ३९,९००, ४९,९०० आणि ६९,९०० डॉलर सांगण्यात आल्या. नोंदणीसाठी फक्त १०० डॉलर आणि तेही परत मिळण्याजोगे. प्रत्यक्षात पहिल्या गाड्या ग्राहकांच्या हाती पडल्या त्या चार वर्षांनी, ३० नोव्हेंबर २०२३ रोजी, टेक्सासमधील ऑस्टिनच्या कारखान्यात. तोवर किमती बदलल्या होत्या. मधल्या, म्हणजे दोन मोटरींच्या प्रकाराची किंमत ७९,९९० डॉलर झाली, सर्वांत वरच्या प्रकाराची ९९,९९०. आणि नोंदणीच्या क्रमाने ग्राहकांना जी निमंत्रणे जाऊ लागली, ती या किमतींचीही नव्हती. ती होती ‘फाउंडेशन सिरीज’ नावाच्या पहिल्या आवृत्तीची, आणखी २०,००० डॉलर वर. त्या बदल्यात स्वयंचालनाचे सॉफ्टवेअर, घरी बसवायचे चार्जिंगचे साहित्य, काही जोडसामान आणि गाडीवर कोरलेले आवृत्तीचे चिन्ह. हे निमंत्रण नाकारले तरी नोंदणी रद्द होत नव्हती. साधी आवृत्ती येईपर्यंत थांबण्याची मोकळीक होती. ती केव्हा येणार, हे मात्र निश्चित नव्हते.

समजा, डॅलसजवळ राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाला २०२४ च्या फेब्रुवारीत असे निमंत्रण आले. नवरा-बायको दोघेही नोकरी करणारे, मुलगी आठ वर्षांची. घरातील जुनी गाडी थकलेली, तिच्यावर दरमहा सरासरी ३०० डॉलर दुरुस्तीपोटी खर्च होणारे. नोंदणी नवऱ्याने २०१९ मध्ये हौसेने केलेली. निमंत्रण आल्यावर त्याचे म्हणणे असे की, चार वर्षे थांबलो, आता नंबर लागला आहे, तो सोडायचा कसा? पत्नीचा प्रश्न साधा होता: “नाही म्हटले तरी नंबर आपलाच राहणार असेल, तर घाई कशाची?” हा प्रश्न कागदावर मांडला की बरेच धुके विरते.

पहिली गोष्ट, भरलेले १०० डॉलर निर्णयातून वगळावेत. ते परत मिळणारे आहेत. मिळाले नसते तरी १०० डॉलर वाचवण्यासाठी एक लाखाची खरेदी करणे हा हिशेब नव्हे. चार वर्षांच्या प्रतीक्षेचेही तसेच. गेलेला काळ कोणत्याही पर्यायाने परत येत नाही, म्हणून तो दोन्ही बाजूंनी सारखाच वजा होतो.

दुसरी गोष्ट, २०१९ मध्ये जे पसंत केले होते, ते आज समोर नाही. तेव्हाच्या दोन मोटरींच्या गाडीची किंमत ४९,९०० डॉलर होती. आजचे निमंत्रण ९९,९९० डॉलरचे, म्हणजे जवळजवळ दुपटीचे आहे. सर्वांत वरच्या प्रकाराला एका चार्जिंगमध्ये ५०० मैल मिळतील असे तेव्हा सांगितले होते. प्रत्यक्षात जाहीर झालेला आकडा ३२० मैलांचा. म्हणून जुन्या संकल्पाशी प्रामाणिक राहण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आज ही गाडी या किमतीला प्रथमच दिसली असती तर घेतली असती काय, एवढेच विचारावे.

तिसरी गोष्ट, जादा रकमेचा पूर्ण आकडा काढावा. २०,००० डॉलरवर टेक्सासचा ६.२५ टक्के विक्रीकर १,२५० डॉलर. एकूण २१,२५०. ही रक्कम कर्जाने उभी केली आणि समजा व्याजदर ७ टक्के व मुदत सहा वर्षे धरली, तर केवळ या जादा रकमेचा मासिक हप्ता सुमारे ३६२ डॉलर होतो. ७२ हप्त्यांत सुमारे २६,०८५ डॉलर जातात. म्हणजे व्याजच ४,८०० डॉलरहून अधिक. याउलट रक्कम शिलकीत असेल आणि त्यातील २०,००० डॉलर मुलीच्या शिक्षणासाठी ५ टक्के चक्रवाढ दराने ठेवले, तर दहा वर्षांनी, ती अठराची होईल तेव्हा, ते सुमारे ३२,५७८ डॉलर होतील. हप्ता सोसतो की नाही, एवढ्यावर कर्ज मोजण्याची सवय सर्वत्र आहे. परंतु हप्ता हा केवळ खर्चाचा वेग सांगतो, खर्च सांगत नाही.

चौथी गोष्ट, जादा रकमेच्या बदल्यात काय मिळते ते प्रामाणिकपणे मोजावे. येथे एक नियम उपयोगी पडतो: जी वस्तू स्वतंत्रपणे विकत घेतलीच असती, तिचीच किंमत जमेस धरावी. जी केवळ संचात आहे म्हणून येते, तिची किंमत शून्य. स्वयंचालनाचे सॉफ्टवेअर अमेरिकेत १२,००० डॉलरला विकले जात होते. एप्रिल २०२४ मध्ये तिची किंमत ८,००० डॉलर करण्यात आली. त्यातही चालकाने रस्त्यावर सतत लक्ष ठेवणे आवश्यकच आहे. कुटुंबाला ते खरोखर हवे असेल, तर करासह ८,५०० डॉलर जमेस धरावेत. नको असेल तर काहीच धरू नये.

आता थांबण्याचा खर्च. थांबणे फुकट नसते. जुनी गाडी दरमहा ३०० डॉलर खाते. सॉफ्टवेअर हवे असल्यास निव्वळ जादा रक्कम २१,२५० वजा ८,५००, म्हणजे १२,७५० डॉलर. तिला ३०० ने भागले की उत्तर येते साडेबेचाळीस महिने. सॉफ्टवेअर नको असल्यास सुमारे ७१ महिने. अर्थ असा की, साधी आवृत्ती येण्यास साडेतीन वर्षांहून अधिक काळ लागणार असेल तरच आज जादा पैसे देणे हिशेबात बसते. साधी आवृत्ती नेमकी केव्हा येईल हे ठाऊक नसले तरी चालते. ती साडेतीन वर्षांच्या आत येईल की नंतर, एवढाच अंदाज बांधायचा असतो आणि तो बांधणे पुष्कळ सोपे आहे. कारखाना सुरू झालेला, उत्पादन वाढत चाललेले, अशा स्थितीत तो अंदाज कोणत्या बाजूला झुकतो, हे सांगावयास नको.

मात्र जुनी गाडी महिन्याला ३०० ऐवजी १,५०० डॉलर खात असेल, किंवा ती बंद पडल्याने नोकरीच धोक्यात येणार असेल, तर हेच उत्तर साडेआठ महिन्यांवर येते. तेव्हाही एक लाखाची गाडी घेण्याआधी मधल्या काळापुरती एखादी साधी, वापरलेली गाडी घेता येते काय, हे पाहावे. ‘हे किंवा ते’ असे दोनच पर्याय दिसू लागले की तिसरा शोधावा.

पुढे घडले ते असे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये साधी आवृत्ती ७९,९९० डॉलरला उपलब्ध झाली. म्हणजे फेब्रुवारीत नकार देणाऱ्याला आठ महिने थांबावे लागले. २०२५ च्या आरंभापासून ती ७,५०० डॉलरच्या केंद्रीय करसवलतीसही पात्र ठरली. या सवलतीसाठी पिकअपची किंमत ८०,००० डॉलरच्या आत असावी लागे, त्यामुळे फाउंडेशन सिरीज मुळातच बाहेर होती. संयुक्त उत्पन्न तीन लाख डॉलरच्या मर्यादेत असलेल्या जोडप्याच्या दृष्टीने हा फरक करापूर्वीच २७,५०० डॉलरचा झाला. पहिल्या गाड्यांच्या वाट्याला दुरुस्तीची बोलावणीही आली. एप्रिल २०२४ मध्ये अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलवरील आवरण निसटत असल्याने ३,८७८ गाड्या परत बोलावल्या गेल्या. दुरुस्ती विनामूल्य होती. परंतु मालकाचा वेळ आणि मनःशांती यांची भरपाई कोणत्याही वॉरंटीत नसते.

यावरून ‘थांबावे म्हणजे लाभच होतो’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. त्याच कंपनीच्या मॉडेल ३ या गाडीची कथा निराळी आहे. ३५,००० डॉलरची गाडी म्हणून तिची नोंदणी २०१६ मध्ये सुरू झाली. जुलै २०१७ मध्ये वितरण सुरू झाले, ते मात्र मोठ्या बॅटरीच्या आणि अधिक साजसज्जेच्या ४९,००० डॉलरच्या गाड्यांचे. ३५,००० ची गाडी विक्रीस आली ती फेब्रुवारी २०१९ अखेर. दरम्यान कंपनीच्या दोन लाख गाड्या विकल्या गेल्याने करसवलत १ जानेवारी २०१९ पासून ७,५०० वरून ३,७५० डॉलरवर उतरली होती. येथे थांबणाऱ्याची अर्धी सवलत गेली. निव्वळ किंमत पाहिली तर आधी घेणाऱ्यास ४१,५०० आणि थांबणाऱ्यास ३१,२५० डॉलर पडले. थांबणाऱ्याचे पैसे वाचले, पण लहान बॅटरी मिळाली आणि दीड वर्ष गेले. ज्याला मोठी बॅटरी हवीच होती, त्याचा लवकर घेण्याचा निर्णय शहाणपणाचा होता. एका प्रसंगात काळाने सवलत आणली, दुसऱ्यात नेली. म्हणून निर्णयापूर्वी सवलतीची तारीख, तिच्या अटी आणि किमतीची मर्यादा मूळ नियमांत वाचावी. विक्रेत्याच्या तोंडून ऐकू नये.

नोंदणी म्हणजे गाडी नव्हे, याची आठवण भारतीय ग्राहकांनाही आहे. २०१६ मध्ये मॉडेल ३ साठी भारतातूनही काहींनी एक हजार डॉलर भरले होते. टेस्लाचे पहिले दालन मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात उघडले १५ जुलै २०२५ रोजी, आणि तेथे विक्रीस होती ती मॉडेल वाय, सुमारे साठ लाख रुपयांपासून पुढे. नॅनोच्या अनामतीवर व्याज होते, या हजार डॉलरवर नव्हते. पैसे भरण्यापूर्वी ते परत कसे मिळतात, व्याज आहे काय, आणि पहिला प्रस्ताव नाकारल्यास रांगेतील जागा राहते काय, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. तिसऱ्याचे उत्तर ‘राहते’ असे असेल, तर नकार देण्यात काही गमावले जात नाही.

शेवटी एक बाब आकड्यांच्या पलीकडची. आपल्याकडे म्हणतात, हौसेला मोल नसते. ज्यांचे घरखर्च, शिक्षण, आजारपण आणि म्हातारपण यांची तरतूद झालेली आहे, त्यांनी गल्लीतील पहिली गाडी आपल्या दारी उभी राहावी म्हणून वीस हजार डॉलर दिले, तर त्यांना दोष देण्याचे कारण नाही. अट एवढीच की ही रक्कम वहीत ‘हौस’ या खात्यावर लिहावी. ‘गुंतवणूक’ या खात्यावर ती लिहिली की पुढचे सगळे हिशेब चुकतात. आरंभीची आवृत्ती म्हणून तिला पुढे भाव येईल, ही आशा कारखाना जोवर नव्या गाड्या बाहेर काढत आहे तोवर बहुधा फोल ठरते. आणि हौस ही घरातील एकाची असून हप्ता सर्वांचा असेल, तर सही करण्यापूर्वी सर्वांना विचारावे. डॅलसच्या त्या कल्पित घरात पत्नीच्या एका प्रश्नाने जे काम केले, ते कोणत्याही सल्लागाराच्या अहवालाने झाले नसते.