चेतक, सिएरा आणि आठवणींचा बाजार

२५ नोव्हेंबर २०२५ रोजी टाटांची 'सिएरा' नव्या रूपात बाजारात आली आणि पन्नाशी ओलांडलेल्या अनेक गृहस्थांच्या चेहऱ्यावर तरुणपणाची एक लकेर उमटून गेली. १९९१ साली आलेली ती मूळ गाडी फारच थोड्यांच्या दारात उभी राहिली. दारे तीन आणि मागच्या बाजूला छतापर्यंत वळत गेलेल्या काचा, असा तिचा विलक्षण घाट होता. रस्त्याने जाताना तिच्याकडे मान वळवून पाहिले मात्र सर्वांनी. तिच्या आधी २०१८ मध्ये 'जावा' परतली, २०२० मध्ये 'चेतक' विजेवर धावू लागली, २०२२ मध्ये 'येझदी' आली. 'ॲम्बॅसॅडर' परत येणार अशा वार्ता तर अधूनमधून उठतात आणि विरून जातात. वाहनउद्योगाला आपल्या अडगळीच्या खोलीत एकाएकी गुप्तधन सापडावे, तसे हे दृश्य आहे.

जुन्या, काहीशा तऱ्हेवाईक, पण माणसांना जीव लावून गेलेल्या वाहनांना कंपन्यांनी असा पुनर्जन्म द्यावा काय? प्रस्तुत लेखकाचे उत्तर 'द्यावा' असेच आहे. मात्र ते सरसकट नाही. ज्या गाडीचा केवळ मुखवटा परत येतो, तिच्या स्वागताला तोरणे बांधण्याचे कारण नाही.

या लाटेचा उगम युरोपात आहे. जर्मनीची मूळ 'बीटल' ही सामान्य कुटुंबाला परवडावी म्हणून आखलेली गाडी होती. इंजिन मागे, थंड करायला पाण्याऐवजी हवा, आणि दुरुस्ती अशी सोपी की थोडी हत्यारे हाती असली म्हणजे भागावे. २००३ च्या जुलैत मेक्सिकोतील प्वेब्ला येथील कारखान्यातून तिची अखेरची गाडी बाहेर पडली, तोवर दोन कोटी पंधरा लाखांहून अधिक गाड्या बनल्या होत्या. पण त्याआधीच, १९९७ मध्ये, 'न्यू बीटल' अवतरली होती. तिचे इंजिन पुढे होते, सांगाडा त्याच कंपनीच्या 'गोल्फ'चा होता, आणि समोरच्या फळीवर एक छोटी फुलदाणी होती. जुन्या बीटलच्या हौशी मालकांची ती आवड अभियंत्यांनी अचूक उचलली; गाडीचे अल्पमोली असणे मात्र कोणी उचलले नाही. पुढे आणखी एक आवृत्ती निघाली आणि २०१९ मध्ये तीही त्याच प्वेब्लामध्ये बंद पडली. जुनी बीटल सहा दशकांहून अधिक काळ टिकली. नव्या बीटलच्या दोन्ही आवृत्त्या मिळून जेमतेम दोन दशके झाली.

ब्रिटनच्या 'मिनी'ची कथा अधिक बोलकी आहे. १९५६ च्या सुएझ संकटात पेट्रोलचे रेशनिंग आले आणि कमी इंधनात चार माणसे नेणारी गाडी ही त्या देशाची निकड झाली. ॲलेक इसिगोनिस या अभियंत्याने इंजिन आडवे बसवले, चाके अवघ्या दहा इंचांची केली, आणि सुमारे दहा फुटांत संपूर्ण मोटार बसवून १९५९ मध्ये ती जगापुढे ठेवली. जागेचा काटकसरीने वापर कसा करावा याचा तो वस्तुपाठ होता. २००१ मध्ये जर्मनीच्या 'बीएमडब्ल्यू'ने त्याच नावाची नवी गाडी आणली. ती बनते ऑक्सफर्डलाच आणि चालायलाही उत्तम आहे. पण ती जुनीपेक्षा अर्ध्या मीटरहून अधिक लांब आहे आणि पैसेवाल्यांच्या हौसेची आहे. काटकसरीतून जन्मलेल्या वस्तूचे नाव चैनीला चिकटले; नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, याच्या अगदी उलट प्रकार.

तिसरे उदाहरण इटलीचे, आणि तेथे आपलाही संबंध येतो. ४ जुलै १९५७ रोजी आलेली 'फियाट ५००' ही दान्ते जियाकोसा यांची निर्मिती. स्कूटरवर बायकामुलांना घेऊन फिरणाऱ्या इटालियन कुटुंबाला चार चाके आणि डोक्यावर छत द्यावे, हा तिचा हेतू. बरोबर पन्नास वर्षांनी, ४ जुलै २००७ रोजी, तिच्याच वळणाची नवी 'फियाट ५००' आली आणि डबघाईला आलेल्या त्या कंपनीची प्रतिष्ठा तिने बऱ्याच अंशी सावरली. आता पुढचे पाहा. सहाच महिन्यांनी, जानेवारी २००८ मध्ये, दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात रतन टाटांनी 'नॅनो' सादर केली. इंजिन मागे, लांबी तीन मीटरच्या आसपास, किंमत एक लाख, आणि प्रेरणा कोणती, तर पावसात स्कूटरवरून चाललेले चौघांचे कुटुंब. इटलीने आपल्या छोट्या गाडीचा चेहरा परत आणला, आणि पुण्याच्या अभियंत्यांनी, कदाचित नकळत, तिचा आत्मा परत आणला.

बाजाराने कौल कोणाला दिला? चेहऱ्याला. नव्या 'फियाट ५००'च्या लाखो गाड्या विकल्या गेल्या. 'नॅनो'चे उत्पादन २०१८ मध्ये थांबले. सिंगूरचे आंदोलन, साणंदला करावे लागलेले स्थलांतर, काही गाड्यांना लागलेल्या आगी, ही कारणे होतीच. पण 'सर्वांत स्वस्त मोटार' हे बिरुद आपल्या मध्यमवर्गाला दारात उभे करावेसे वाटले नाही, हेही नाकारण्यात अर्थ नाही. म्हणून सगळा दोष कंपन्यांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. ग्राहक म्हणून आपणही हेतूपेक्षा रूपालाच दाम मोजत आलो आहोत.

आता घरच्या गाड्यांकडे वळू. 'चेतक'चे नाव काढताच आपल्या पिढीच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? पुढे हँडल धरून उभा असलेला मुलगा, मागे एका बाजूस पाय टाकून बसलेली गृहिणी, तिच्या मांडीवर धाकटे मूल, आणि सकाळी किक मारण्यापूर्वी गाडी एका अंगाला कलती करणारे वडील. इंजिन उजव्या कुशीत असल्यामुळे तोल त्या बाजूला जाई आणि त्याचीही सवय होऊन जाई. डाव्या हाताच्या मुठीत गिअर, पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइल, सोबतीला स्टेपनी. लग्नापासून मुलांच्या शिक्षणापर्यंतचा संसार या एका वाहनाने ओढला. ही आठवण खरी आहे आणि तिचा मान राखलाच पाहिजे.

पण तिच्यावर गुलाबपाणी शिंपडून तिचा इतिहास पुसू नये. त्या काळी 'चेतक' मिळण्यासाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. परदेशातील आप्ताने परकीय चलनात पैसे भरले, तर गाडी लवकर पदरी पडे. किती गाड्या बनवाव्यात, हे कारखान्याने नव्हे तर दिल्लीच्या परवान्याने ठरवायचे, असा तो जमाना होता. कंपनी सक्षम, कामगार कुशल आणि ग्राहक रांगेत असतानाही सरकारी कागद आडवा येत असे. आज ज्या 'साधेपणा'ची आपल्याला ओढ वाटते, त्याचा काही भाग हा निव्वळ पर्यायाचा अभाव होता. रांगेच्या आठवणीने कोणी गहिवरत नाही. गहिवरतो तो गाडीच्या आठवणीने. जाहिरात करणाऱ्याला हा फरक चांगला कळतो आणि तो रांग तेवढी वगळून टाकतो.

दुसरी गोष्ट वारशाची. महाराणा प्रतापांच्या अश्वाचे नाव या स्कूटरला १९७२ मध्ये मिळाले, पण तिचा साचा इटलीच्या 'व्हेस्पा'चा होता. 'पियाजिओ'बरोबरचा करार १९७१ मध्ये संपला आणि बजाजांनी त्याच घाटणीची गाडी स्वतःच्या नावाने पुढे नेली. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी 'पद्मिनी' चितोडच्या राणीचे नाव मिरवी, पण ती होती फियाट. 'ॲम्बॅसॅडर' तर इंग्लंडच्या 'मॉरिस ऑक्सफर्ड'ची हुबेहूब प्रतिमा. यात लाजण्यासारखे काही नाही. दुसऱ्याकडून शिकूनच उद्योग उभे राहतात. जपानही तसाच उभा राहिला. मात्र या गाड्यांकडे 'स्वदेशी वारसा' म्हणून बोट दाखवताना कोणता भाग आपला होता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आपला होता तो नावातला अभिमान, कामगाराचा हात, आणि गावोगावच्या मिस्त्रीचे कसब.

या कसोटीवर 'सिएरा' वेगळी ठरते. मालवाहू 'टाटा मोबाइल'च्या सांगाड्यावर बेतलेली ती असली, तरी तिचे रूप येथेच, भारतीय आरेखकांनी योजलेले होते. ती फार विकली गेली नाही. मागच्या माणसाला पुढचे आसन दुमडून आत शिरावे लागे, आणि त्या सुंदर काचा उघडत नसत. पण त्या वेळी एक भारतीय कंपनी कोणाची नक्कल न करता वेगळे काही करून पाहत होती. नव्या 'सिएरा'ला पाच दारे आहेत, त्या काचेची रेषा तेवढी राखली आहे. तिला केवळ आठवणीचा व्यापार म्हणून झिडकारता येत नाही. ज्या धाडसाला तेव्हा दाद मिळाली नाही, त्याला कंपनीने स्वतःच दिलेली ती उशिराची पावती आहे. (इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी स्वतःच्या बुद्धीने घडवलेली 'मीरा' ही छोटी मोटार मात्र मोठ्या उत्पादनापर्यंत कधी पोहोचलीच नाही. तिच्या नावाने अश्रू ढाळणारा कोणी नाही, कारण तिच्यात बसण्याचे भाग्यच कोणाला लाभले नाही.)

'ॲम्बॅसॅडर'बाबत आमचे मत स्पष्ट आहे: तिला आता विश्रांती द्यावी. उत्तरपाड्याचा कारखाना मे २०१४ मध्ये थांबला. २०१७ मध्ये ते नाव फ्रान्सच्या 'प्यूजो'ने ८० कोटी रुपयांना विकत घेतले, आणि अद्याप त्या नावाची एकही नवी गाडी रस्त्यावर आलेली नाही. उद्या आलीच, तर ती परदेशी सांगाड्यावर चढवलेले देशी नाव असेल. मंत्र्यांच्या लाल दिव्याखालची पांढरी ॲम्बॅसॅडर ही एका सत्ताकाळाची खूण होती. ती विद्युत मोटारीवर डकवून नेमके काय साधणार? 'पद्मिनी'चेही तसेच. मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनीचा अखेरचा दिवस ऑक्टोबर २०२३ मध्ये आला. वीस वर्षांची मुदत संपली आणि शेवटची नोंदणीकृत टॅक्सी सेवेतून बाहेर पडली. मुंबईकर हळहळले. त्या हळहळीला योग्य उत्तर म्हणजे एखादी सुस्थितीतील टॅक्सी संग्रहालयात, मीटर आणि पाटीसह, सन्मानाने जतन करणे. तिच्या चेहऱ्याची वीस लाखांची नवी गाडी काढणे हे त्याचे उत्तर नव्हे. आपल्याकडे किल्ल्यांची आणि मंदिरांची निगा राखताना जेथे दमछाक होते, तेथे यंत्रांच्या जतनाची कल्पना चैनीची वाटेल. पण औद्योगिक इतिहास हाही इतिहासच आहे.

आणि 'बुलेट'? तिला या पंगतीत बसवूच नये. इंग्लंडमधली मूळ कंपनी बंद पडली, तरी मद्रासला १९५५ पासून ती बनतच राहिली. तिचे इंजिन बदलले, उजव्या पायाचा गिअर डाव्या पायाकडे आला, पण साखळी तुटली नाही. जी परंपरा अखंड चालत आली, तिचे पुनरुज्जीवन करावे लागत नाही. 'चेतक'च्या बाबतीत साखळी तुटली होती. २००९ मध्ये बजाज कंपनीने स्कूटरचे उत्पादन पूर्णपणे थांबवण्याचे ठरवले, तेव्हा खुद्द राहुल बजाज यांनी या निर्णयाचे वाईट वाटल्याचे जाहीरपणे सांगितले होते. निर्णय पुढच्या पिढीचा होता, आणि व्यवसायाच्या हिशेबाने त्या वेळी तो चुकीचाही नसेल. दहा वर्षांनी त्याच घरातून तेच नाव पुन्हा पुढे आले.

ही नवी 'चेतक' मुखवटा की हेतू? आमच्या मते अर्धी-अर्धी. पत्र्याचे अंग तिने राखले आहे, आणि ते केवळ दिखाव्यासाठी नाही. प्लास्टिकच्या जमान्यात ते टिकाऊपणाचे आश्वासन आहे. सुरुवातीची किंमत एक लाख रुपये होती, पुढे त्याहून थोडी कमी किमतीची आवृत्तीही आली, म्हणजे कुटुंबाची गाडी होण्याची इच्छा तिला आहे. पण पोटात काय आहे, हे २०२५ मध्ये उघड झाले. चीनने दुर्मिळ मृदा धातूंपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि पुण्यातील उत्पादनाला कात्री लागली. पूर्वी नाव मेवाडचे आणि साचा इटलीचा होता. आता पत्रा आपला, नाव आपले, पण चाक फिरवणारे चुंबक बीजिंगच्या मर्जीवर. जाहिरातीतल्या जुन्या सुरावटीने हे परावलंबित्व झाकले जात नाही. त्या चुंबकांना देशी पर्याय शोधण्यावर जो पैसा खर्च होईल, तो जुन्या दिव्याचा गोल आकार हुबेहूब साधण्यावर होणाऱ्या खर्चापेक्षा देशाच्या अधिक कामी येईल.

दुसरा मुद्दा दुरुस्तीचा. जुनी 'चेतक' बंद पडली, की कोपऱ्यावरचा गॅरेजवाला प्लग घासून, कार्बोरेटर फुंकून, क्लचची वायर बदलून अर्ध्या तासात गाडी हाती देई. कोकणातल्या आडगावापर्यंत हे ज्ञान पसरले होते आणि त्यावर हजारो कुटुंबांची चूल पेटत होती. विजेवरच्या गाडीत बिघाड कंट्रोलरमध्ये असतो किंवा आज्ञावलीत, आणि तेथे हात घालण्याची मुभा बहुधा कंपनीच्याच माणसाला असते. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले आणि त्यात वाहनेही घेतली, हे स्वागतार्ह पाऊल आहे. परंतु जुन्या नावाचा लाभ घेणाऱ्या कंपनीवर त्यापुढची नैतिक जबाबदारी येते. सुटे भाग खुल्या बाजारात मिळावेत, माहितीपुस्तिका मराठीत आणि इतर भारतीय भाषांत असाव्यात, तालुक्याच्या आयटीआयमध्ये त्या गाडीचे प्रशिक्षण मिळावे, आणि दहा वर्षांनी बॅटरी बदलायची वेळ येईल तेव्हा ती कोणत्या दराने मिळेल, हे ग्राहकाला आजच लेखी कळावे. पुढच्या वेळी दुकानात जुन्या नावाची नवी गाडी पाहायला जाल, तेव्हा रंग आणि दिवे न्याहाळून झाल्यावर विक्रेत्याला हा एवढा शेवटचा प्रश्न अवश्य विचारा.