दिवे लावा, पण खाली तोंड करून लावा!

अलिबाग, मुरूड, म्हसळा आणि श्रीवर्धन तालुक्यांतले ग्रामस्थ, सरपंच आणि सदस्य, बंगले-रिसॉर्टचे मालक आणि सुट्टीला येणारे पाहुणे, या सर्वांना जाहीर आवाहन



आज रात्री जेवणं उरकली की वरसोली, थळ किंवा किहीमच्या पुळणीवर या. समुद्र डाव्या हाताला ठेवून उभे राहा, म्हणजे तोंड उत्तरेला होईल. हात सरळ लांब करा, क्षितिजावर एक मूठ ठेवा आणि तिच्यावर दुसरी. दुसऱ्या मुठीच्या वरच्या कडेच्या किंचित खाली ध्रुव असतो. अलिबागचा अक्षांश साडेअठरा अंशांच्या थोडा वर आहे, म्हणून ध्रुवाची उंचीही तेवढीच. आणि नेमक्या त्याच दिशेला, अलिबागपासून पाण्यापलीकडे सुमारे ३० किलोमीटरवर, कुलाबा आहे आणि त्याच्या मागे अख्खी मुंबई. तिचा भपका ध्रुवाच्याही वर चढतो. ध्रुव काही फार ठळक तारा नाही, दुसऱ्या प्रतीचा आहे. हवेत दमटपणा असेल त्या रात्री तो शोधून सापडत नाही.

सप्तपदी झाली की नवरा-नवरीला ध्रुव आणि अरुंधती दाखवायची आपली रीत. अरुंधती चौथ्या प्रतीची, सप्तर्षींतल्या वसिष्ठाला खेटून असलेली. ऐन लग्नसराईत, एप्रिल-मे महिन्यांत, सप्तर्षी रात्री नऊ-दहाला उत्तरेला चांगले उंच असतात. रीत आणि आकाश यांचं इतकं जमलेलं असताना मांडवाच्या चारी कोपऱ्यांवर हॅलोजन, झाडांना गुंडाळलेल्या माळा, वर ढगात फिरणारे झोत! गुरुजी बोट वर करतात आणि नवरी मान वर करून काहीच पाहत नाही. याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं.

मुंबईचा उजेड आपल्याला विझवता येणार नाही. पण आपला सगळा अंधार मुंबईने नेला, हे म्हणणं खोटं आहे. किनाऱ्यावरच्या कुठल्याही हायमास्टखाली उभे राहून पाहा. खांबाच्या टोकाला दिव्यांचं कडं असतं, पण दिवे वाकडे बसवलेले असतात, तोंड समोर किंवा थोडं वर. उजेड पायाखाली पडण्याऐवजी लाटांवर, माडांच्या शेंड्यांवर आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. खारी, दमट हवा तो पसरवते. त्यात हे दिवे निळसर पांढरे, आणि निळा प्रकाश हवेत सर्वांत जास्त विखुरतो. एका खांबाची झळ दोन-दोन वाड्यांवरच्या आकाशाला लागते. टाकी फुटून पाणी वाहायला लागलं तर आपण त्याच दिवशी माणूस बोलावतो. आकाशात वाहून जाणाऱ्या उजेडाचं बिलही ग्रामपंचायतच भरते.

हे किती वेगाने चाललं आहे, तेही सांगतो. २०११ ते २०२२ या काळात लोकांनी नुसत्या डोळ्यांनी नोंदवलेल्या ५० हजारांहून अधिक निरीक्षणांचा अभ्यास जानेवारी २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. बहुतेक नोंदी युरोप-अमेरिकेतल्या होत्या. रात्रीच्या आकाशाचा उजळपणा दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढतो आहे, असं त्यातून दिसलं. म्हणजे आठ वर्षांच्या आत दुप्पट. मूल जन्मलं तेव्हा जिथे २५० तारे दिसत होते, तिथे ते अठरा वर्षांचं होईस्तोवर १०० उरतात. रेवदंडा, काशीद, दिवेआगर इथे आज अंगणवाडीत बसलेल्या पोरांचा हा हिशेब आहे.

आता अलिबागकरांना त्यांच्याच गावातली एक गोष्ट आठवून देतो. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालत असे. १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावरून आलेल्या प्रचंड चुंबकीय वादळाची नोंद तिथे झाली. आजही जगभरचे शास्त्रज्ञ ती उघडून बसतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेच्या प्रवाहाने मोजणी बिघडणार हे ओळखून, ट्राम रुळावर येण्याच्या आधीच, १९०४ साली ही चुंबकीय वेधशाळा अलिबागला आणली. लोखंड टाळून इमारती बांधल्या. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन त्या जुळवून पाहिल्या. विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी माणसांनी मुंबईचा विकास थांबवला नाही, पण एका नाजूक मोजणीसाठी शांत जागा राखली, आणि ती जागा म्हणजे आपलं अलिबाग. वेधशाळा आजही चालू आहे. ज्या गावाने हे केलं, त्या गावाला दिव्यावर टोपी बसवायला जमू नये?

कायदा काय म्हणतो, असं विचारणारे भेटतात. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा नियम २००० सालापासून आहे. उजेडासाठी असा नियम नाही. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात प्रदूषक म्हणजे घन, द्रव किंवा वायू पदार्थ. उजेड यांतल्या कशातच बसत नाही. पण म्हणून सरकारला उजेडाची इजा कळतच नाही, असं समजू नका. झगझगीत एलईडी पेटवून मासे एका जागी ओढून घेण्याच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. महाराष्ट्राने २०२१ मध्ये आपला सागरी मासेमारीचा कायदा दुरुस्त करताना तीही धरली. आपल्या कोळी बांधवांनी त्यासाठी किती अर्ज-मोर्चे केले, ते त्यांनाच ठाऊक. पाण्यातल्या जिवाला उजेडाने फसवणं हा समुद्रावर गुन्हा ठरतो. मग पुळणीवर का नाही?

कारण पुळणीवरही तेच घडतं. दिवेआगर, हरिहरेश्वर, मारळच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. वाळूतून वर आलेलं पिल्लू जिकडे जास्त उजेड तिकडे पळतं. काळोख्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राकडचा असतो. मागे हायमास्ट असला की पिल्लू माडाच्या वाडीकडे वळतं, तिथे कुत्रं आणि कावळा असतो. वनविभाग आणि गावची माणसं घरटी जपतात, पहाटे उठून पिल्लं सोडतात. त्यांच्या कष्टांवर एका दिव्याने पाणी फिरवायचं का?

“अंधारात बायाबापड्यांनी कसं चालायचं? साप-विंचू, चोर-चिलटं आहेतच.” हा आक्षेप सर्वांत खरा आहे आणि आम्ही तो टाळत नाही. आम्ही अंधार मागत नाही. डोळ्यांत घुसणारा दिवा बाहुली लहान करतो आणि पलीकडची सावली आणखी काळी होते. कुंपणाआड उभा असलेला माणूस अशा उजेडातच दिसत नाही. टोपी घातलेला, खाली पाहणारा कमी वॅटचा दिवा पायवाट, दगड आणि साप जास्त नीट दाखवतो. आणि दिव्यांचीच गोष्ट काढलीत तर हेही सांगायला हवं: रिसॉर्टच्या भिंतीवर रात्रभर फ्लड लाइट असतात, आणि डोंगराकडच्या कातकरी-ठाकूर वाड्यांच्या वाटेवर खांब कमी पडतात. पहिला दिवा तिथे लावा. आम्ही त्या खांबासाठी तुमच्याबरोबर तालुक्याला यायला तयार आहोत.

“पर्यटन बुडेल” असं म्हणणाऱ्यांनी पेंचकडे पाहावं. जानेवारी २०२४ मध्ये आपल्याच राज्यातला पेंच व्याघ्र प्रकल्प भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ ठरला. वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या परिसरातल्या गावांतले दिवे बदलून खाली तोंडाचे केले, आणि आता माणसं तिथे तारे पाहायला जातात. आपल्याकडे तर समुद्र आहे. हिवाळ्यात दक्षिणेला अगस्ती चढतो, जो लंडनमध्ये कधी उगवतच नाही. मे महिन्यात हरिहरेश्वराहून दक्षिणेकडे, क्षितिजाच्या जेमतेम वर, त्रिशंकू दिसतो. दिल्लीकरांना तो जवळजवळ दिसतच नाही. मुंबईतली खगोलप्रेमी मंडळी काळोखासाठी वर्षानुवर्षं वांगणी-नेरळ गाठत आली. श्रीवर्धन-दिवेआगरच्या घरगुती खानावळी आणि होमस्टेंना यात धंदा दिसत नसेल तर आम्ही येऊन समजावू.

घाई एवढ्यासाठी की रेवस-रेड्डी सागरी महामार्ग आणि त्याचे खाडीपूल उभे राहताहेत. पनवेल-उरण बाजूला विमानतळ झाला, अटल सेतू झाला, पुढे नवी नगरं येताहेत. या सगळ्यांमागोमाग हजारो दिवे लागायचे आहेत. लागलेला दिवा काढायला निधी मिळत नाही; लागायच्या आधी निविदेत एक ओळ घालायला पैसा लागत नाही.

म्हणून प्रत्येक गावाने येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडावा: “गावाच्या हद्दीत यापुढे लागणारा प्रत्येक सार्वजनिक दिवा वरून पूर्ण झाकलेला, खाली तोंडाचा आणि ३००० केल्विन किंवा त्याहून कमी, म्हणजे पिवळसर रंगाचा असेल. पुळणीच्या दिशेने एकही दिवा रोखला जाणार नाही. सध्याचे हायमास्ट रात्री दहानंतर निम्मे बंद राहतील आणि कासवांच्या हंगामात घरट्यांजवळचे पूर्ण बंद राहतील. आकाशात झोत टाकणाऱ्या दिव्यांना कार्यक्रमाची परवानगी देताना मनाई असेल.” ठरावाची प्रत गटविकास अधिकारी आणि सार्वजनिक बांधकाम विभागाकडे पाठवावी, पोच घ्यावी.

घरच्या दिव्याला ठराव लागत नाही. दुकानात बल्ब घेताना खोक्यावरचा आकडा वाचा: ६५०० लिहिलं असेल तर परत ठेवा, २७०० किंवा ३००० मागा. खळ्यातला दिवा भिंतीवर वाकडा असेल तर उद्या सकाळी खाली वळवा आणि वर पत्र्याची टोपी ठोका. बंगल्याच्या मालकांनी मुंबईला परतताना मेन स्विच बंद करावा. तुमच्या गावाच्या ग्रामसभेला ठराव मांडायला कोणी नसेल तर हे पत्रक देणाऱ्याला आत्ताच सांगा, आम्ही येतो.

आपले,
अष्टागर ते श्रीवर्धन किनाऱ्यावरचे काही रहिवासी