सूर्यास्ताची घाई आणि रस्त्यावरचा जीव



पालेभाजी निवडताना अळी दिसली तर आपण ती हलकेच कागदावर घेऊन कुंडीत सोडतो. पीठ चाळल्याशिवाय मळत नाही, पाणी गाळल्याशिवाय भरत नाही. मग तेच घर गाडीत बसून जंगलातल्या रस्त्याला लागलं की हा विवेक कुठं जातो? रस्त्याकडेला मेलेला ससा, उदमांजर, कोल्हा किंवा भेकर दिसलं की आपण णमोकार म्हणतो, हळहळतो. हळहळ खरीच असते. पण तो जीव तिथं मेला कसा, हा विचार गाडीबरोबर पुढे येत नाही.

गाडी मुलगा चालवतो, नवरा चालवतो किंवा ड्रायव्हर, आपण काय करणार, असं आपल्यातल्या अनेकींना वाटतं. माझं मत वेगळं आहे. निघायचं कधी, थांबायचं कुठं, जेवायचं किती वाजता, हे बहुतेक घरांत आपणच ठरवतो. आणि घोळ तिथंच आहे.

यात्रेला निघालेल्या गाडीतलं संध्याकाळचं बोलणं आठवा. "दिवस मावळायच्या आत मुक्कामी पोचायला हवं, जेवणं व्हायची आहेत. जरा दामटा की!" हरणं, सांबर, रानडुकरं नेमकी याच वेळी चरायला आणि पाण्यावर बाहेर पडतात. दिवस मावळताना आणि उजाडताना त्यांची ये-जा जास्त असते. रात्री जेवायचं नाही हा नियम आपण पाळतो, कारण अंधारात बारीक जीव दिसत नाहीत. न दिसणाऱ्या जीवासाठी नियम पाळायचा आणि तो पाळण्याच्या घाईत दिसणारा जीव चाकाखाली घ्यायचा, हा हिशोब जुळत नाही.

यावर उपाय आपल्याच हातात आहे. दशम्या, दाण्याची चटणी, खाकरे बरोबर घ्या. पाच-साडेपाचला चांगली जागा बघून थांबा, निवांत जेवा, चूळ भरा. मग मुक्कामाला आठ वाजोत की नऊ, कुणाचा नियम मोडत नाही आणि कुणाला गाडी दामटायला सांगावं लागत नाही.

काही जणी म्हणतील, श्रावकाला संकल्पी हिंसेचा त्याग सांगितला आहे. प्रवासात जे घडतं ती आरंभी हिंसा, गृहस्थाला ती टळत नाही. मान्य. पण उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादावर, म्हणजे बेसावधपणावर, बोट ठेवलं आहे. पुरेशी काळजी घेऊनही जीव गेला ही एक गोष्ट, आणि घाईत, मोबाइल बघत, वेगात गेला ही दुसरी. "अचानक आडवं आलं" एवढ्यावर दुसरी गोष्ट पहिली होत नाही.

आपले मुनिमहाराज ईर्यासमिती पाळतात. दिवसाउजेडी, पुढची चार हात जमीन पाहून पाऊल टाकतात. गाडीचे चार हात किती? मी कॉमर्सची, आकडे मांडल्याशिवाय माझं समाधान होत नाही. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. प्राणी दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत तो सेकंद गेलेला असतो. मग ब्रेक लागून कोरड्या रस्त्यावर थांबेपर्यंत एकूण ४० मीटरच्या आसपास होतात. वेग १०० असला तर हेच अंतर ८० मीटरच्या वर जातं. खालच्या झोतात दिव्यांचा उपयोगी उजेड साधारण ४०-५० मीटरच पडतो. म्हणजे रात्री १०० च्या वेगाने आपण न बघताच पाऊल टाकतो. आता वाचतं काय तेही बघा. जंगलातला ४० किलोमीटरचा रस्ता ८० ऐवजी ५० च्या वेगाने गेलात तर १८ मिनिटं जास्त लागतात. अठरा मिनिटं!

हरीण दिवे बघून पळून का जात नाही, असं मुलं विचारतात. त्याचे डोळे अंधारात बघण्यासाठी घडलेले असतात. समोरून झोत आला की ते दिपतात आणि ते जागीच उभं राहतं. अशा वेळी आरशात मागची गाडी बघून वेग कमी करायचा, वरचा झोत खाली करायचा, थांबून वाट द्यायची. गाडी एकदम बाजूला वळवायची नाही, त्यात माणसं जातात. आणि एक हरीण गेलं म्हणून लगेच निघायचं नाही, मागून कळप येत असतो. राधानगरी-दाजीपूरच्या रस्त्यावर तर गवा आडवा येतो. मोठा नर हजार किलोच्या आसपास भरतो. तिथं आपलाही जीव पणाला लागलेला असतो.

मनावर घेतलं तर काय होतं तेही पाहा. नागपूरहून कुंडलपूरला बडे बाबांच्या दर्शनाला जाताना आपण राष्ट्रीय महामार्ग ४४ ने पेंचच्या जंगलातून जातो. तिथं महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी रस्ता उचलून खालून प्राण्यांना वाट ठेवली आहे. भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांत तिथून चितळ, रानकुत्रे आणि वाघही जाताना दिसले. श्रवणबेळगोळ करून म्हैसूरमार्गे उटीला जाताना बंदीपूर लागतं. तिथं २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा रस्ता बंद असतो. "उगाच अडवतात" म्हणून आपल्या लोकांनी तिथं कुरकुर करू नये. ती सरकारने पाळलेली जीवदयाच आहे.

एक कडू गोष्टही सांगते, रागावू नका. घाटात गाडी थांबवून माकडांना केळी, चणे घालणं हे पुण्य नाही. त्या सवयीने माकडं रस्त्यावर येऊन बसतात, पिल्लं गाड्यांमागे धावतात आणि चिरडली जातात. उरलेलं अन्न खिडकीतून फेकलं तरी तेच होतं. दान करायचं तर गोशाळेला, पांजरपोळाला द्या.

आणि धडक झालीच तर पळून जाऊ नका. गाडी कडेला घेऊन चारी इंडिकेटर लावा. जखमी प्राण्याला हात लावू नका, तोंडात पाणी घालू नका, उचलून घरी तर मुळीच नेऊ नका. महाराष्ट्रात वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. तो फिरवा, जागा नीट सांगा.

प्रवासाची यादी करताना आपण औषधं, माळ, सोवळ्याचे कपडे लिहितो. त्याच कागदावर वर दोन ओळी लिहा: जेवण साडेपाचला, जंगलात वेग ५० च्या आत. आणि तो कागद गाडी चालवणाऱ्याच्या हातात द्या.